दाखला काढण्याआधी

पत्र

माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. त्याला वस्तू उघडून बघायला आवडतं, गोष्टी तासन्‌तास ऐकतो, पण वही समोर आली की गप्प होतो. मी बी.एस्सी. झालेली आहे, सध्या घरी असते. मिस्टर शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. जूनपासून मुलाला घरीच शिकवावं असं मनानं घेतलंय. मोबाईलवर ढीगभर लिंका साठवल्या आहेत आणि एका कंपनीचं अठ्ठावीस हजारांचं 'होमस्कूल किट' हप्त्यांवर घ्यायच्या बेतात आहे. सासूबाई म्हणतात, "पोरगं घरात बसवतीस व्हय? शाहू महाराज असते तर रुपाया दंड घेतला असता तुझ्याकडनं." हे कायद्यात बसतं का? कुठली पुस्तकं आणू? दहावीचं काय? आणि चार पोरांत तो मिसळणार कसा?

— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

किट घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी. वही दिसली की जे मूल गप्प होतं, त्याच्यापुढे अठ्ठावीस हजारांच्या वह्या ठेवून काय साधणार? शिवाय पैसे भरले की ते वसूल करायची घाई आपल्याला होते, आणि वसुली होते पोराकडून. जूनपर्यंत या कामासाठी खिशात हात घालू नका. लागेल ते बहुतेक फुकट आहे, आणि त्यातलं निम्मं कोल्हापुरातच आहे.

सासूबाईंचा इतिहास मात्र पक्का आहे, त्यांना दाद द्या. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोराला गुरांमागं किंवा कामाला धाडून त्याचं शिक्षण बुडवू नये, हा त्यामागचा हेतू. तुमचं पोर शिकणार की बसून राहणार, हाच प्रश्न महाराजांनीही विचारला असता असं मला वाटतं. पण हा युक्तिवाद सासूबाईंपुढे आत्ता करू नका. नातवानं स्वतःहून एखादी गोष्ट वाचून दाखवली की तो आपोआप होईल.

आता आजचा कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न करणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा किंवा दंड ठेवलेला नाही. घरी शिकवायला परवानगी देणारं कलम नाही आणि मनाई करणारंही नाही. २०१२ मध्ये हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा स्वखुशीनं घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही अशी भूमिका केंद्र सरकारनं मांडली होती. म्हणजे पोलीस दारात येणार नाहीत. येतील ते शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला निघालेले शिक्षक. त्यांच्याशी वाद घालू नका, चहा द्या आणि फाइल दाखवा. फाइल म्हणजे मुलानं काय वाचलं, काय बनवलं, कुठं गेला याची तारीखवार नोंद, चार फोटो, दोन-चार चित्रं. रोज रात्री पाच ओळी लिहिल्या तरी पुरे. ही वही तुम्ही ठेवायची, त्यानं नाही.

तुमच्यासाठी याच कायद्याचं कलम ४ जास्त महत्त्वाचं आहे. शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा, असं ते सांगतं. प्रयोग फसला तर परतीची वाट आहे. हे नवऱ्यालाही सांगा. बऱ्याच घरांत 'एकदा सोडलं की संपलं' या भीतीनंच भांडणं होतात.

कुणीतरी तुम्हाला असंही सुचवेल, की नाव पटावर राहू द्या, हजेरीचं शाळेशी जमवून घ्या आणि घरी शिकवा. मला हे पटत नाही. त्यासाठी शाळेला रोज खोटी हजेरी लावावी लागते, आणि आईबाप आणि शाळा मिळून खोटं लिहितात हे पोराला कळतंच.

पण त्याआधी पोटदुखी. रविवारी दुखत नाही याचा अर्थ पोरगं नाटक करतं असा घेऊ नका. दुखतं ते खरंच दुखतं. फक्त कारण पोटात नाही. दिवाळीनंतर शाळेत काय बदललं? बाई बदलल्या, जागा बदलली, बसमधला सोबती बदलला, स्वच्छतागृहाची कडी मोडली? शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका, दिवसभर लघवी रोखून धरणारी पोरं मी पाहिली आहेत. थेट 'शाळेत काय झालं' असं विचारलंत तर 'काही नाही' हेच उत्तर येईल. रंकाळ्यावर फिरताना, त्याची नजर पाण्यावर आणि तुमचीही पाण्यावर असताना विचारा.

तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य मला जास्त अस्वस्थ करतं. गोष्टी तासन्‌तास ऐकतो, वस्तू उघडतो, पण वहीसमोर गप्प. आधी डोळे तपासून घ्या. मग वाचन-लेखनाची अडचण आहे का, हे बालविकास तज्ज्ञाकडून बघून घ्या. अध्ययन अक्षमता असेल तर शाळा सोडल्यानं ती जाणार नाही, फक्त नजरेआड होईल. कळलं तर बरंच करता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. काही नाही निघालं तर तेही कळणं चांगलंच.

आणि हेही स्वतःला विचारा, की तुम्हाला शाळाच नको आहे की ही शाळा नको आहे? लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं ते याच कोल्हापुरात, मराठी माध्यमातून, आणि मूल अनुभवातून शिकतं हे शाळेच्या भिंतींच्या आत करून दाखवलं. त्यांचं बरंच लिखाण मराठीत आहे. घरी शिकवायचं ठरवलंत तरी ते वाचा, कारण परदेशातल्या आयांच्या व्हिडिओंपेक्षा ते तुमच्या स्वयंपाकघराच्या जास्त जवळचं आहे. आणि वाचता वाचता 'अशी एखादी शाळा मिळाली तर?' असं वाटलं, तर त्यात कमीपणा काही नाही. शाळा बदलणं हाही निर्णयच असतो.

एवढं करूनही घरीच शिकवायचं ठरलं असेल तर आता साधनांकडे वळू.

सगळ्यात आधी बालभारती. नाक मुरडू नका. पाठ्यपुस्तकं नकोत म्हणून तर शाळा सोडतोय, असं म्हणणारे पालक सहा महिन्यांनी घाबरतात की आपलं पोर नेमकं कुठं आहे हेच कळत नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. छापील हवी असतील तर बालभारतीचं भांडार कोल्हापुरातही आहे. पुस्तक हातात आल्यावर धडा पहिला उघडू नका. सुरुवातीच्या पानांवर 'अध्ययन निष्पत्ती'चा तक्ता असतो, तो वाचा. त्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यावं अशी अपेक्षा आहे ते तिथं सरळ लिहिलेलं असतं. तो तक्ता भिंतीवर लावा आणि एखादी गोष्ट त्याला येते असं दिसलं की खूण करा, मग ती धड्यातून आलेली असो नाहीतर बाजारातून. पुस्तकाचा उपयोग एवढाच, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'पुरं' करायला नाही. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतो आहे, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली. त्यामुळं पुस्तक कुठल्या सालचं आहे ते बघूनच घ्या, शेजारच्या ताईचं जुनं नको.

वाचनासाठी 'किशोर'. बालभारतीचंच हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. तुमचा मुलगा इंग्रजी माध्यमातला, म्हणजे मराठी बोलतो झकास आणि वाचताना अडखळतो, असा माझा अंदाज आहे. त्याला 'किशोर' सध्या जड जाईल, तो तुम्ही वाचून दाखवा. त्याच्या हातात स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी द्या. प्रथम बुक्सनं ही जागा तयार केली आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. एका पानावर एक ओळ असलेली गोष्ट साडेआठ वर्षांच्या पोराला 'लहान' वाटेल म्हणून टाळू नका. त्याला पुस्तक संपवल्याचा आनंद मिळून किती दिवस झाले असतील याचा विचार करा.

हातानं करायच्या गोष्टींत अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाला तोड नाही. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या चपला, रिकाम्या रिफिली यांतून चालणारी खेळणी, त्यांच्या छोट्या फिल्मा आणि मराठीतली शेकडो पुस्तकं, सगळं मोफत. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हे काम केलं. वस्तू उघडून बघणाऱ्या पोरासाठी मी हे एकच ठेवेन आणि बाकी सगळं काढून घेईन. फक्त एक पथ्य पाळा. फिल्म आधी तुम्ही बघा, सामान गोळा करा आणि मोबाईल बंद करून मग खेळणं करायला बसा. नाहीतर तो दहा खेळणी बघेल आणि एकही करणार नाही.

गणितासाठी खान अकॅडमी मराठीत आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तो तुमच्यासाठी. 'आई, वीज निळी का दिसते?' याला बी.एस्सी. पुरत नाही. हिंदी त्याला कळत असेल तर भोपाळच्या एकलव्यचं 'चकमक' मासिक बघा. आणि तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी पुण्याहून १९८७ पासून निघणारं 'पालकनीती'. मोबाईलवर साठवलेल्या बाकीच्या लिंका पुसून टाका. खरंच पुसा. त्या तिथं असल्या की रोज वाटत राहतं, आपण काहीतरी चुकवतोय.

वाचनालयाचं सभासदत्व मात्र घ्याच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. त्याला आठवड्यातून एकदा घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. सलग चार वेळा गाड्यांचंच पुस्तक उचललं तरी बोलायचं नाही.

आता खरी गंमत. घरी शिकवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या आया ज्यासाठी सहली काढतात, ते तुम्हाला वडापच्या जीप आणि केएमटी बसच्या भाड्यात मिळतं. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. मावळतीचे किरण नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर, मग मुखावर. आपण हात जोडतो आणि घरी येतो. पोराला विचारा, याच दोन वेळा का? उत्तर सांगू नका. गच्चीवरून सूर्य कुठल्या इमारतीमागं मावळतो ते दर रविवारी कागदावर काढून ठेवायला लावा. मार्चपासून काढलंत तर मावळतीची जागा उत्तरेकडं सरकत जाताना दिसेल. जूनमध्ये कोल्हापूरचं आभाळ भरलेलं, तेव्हा नेमकं टोक हुकेल, रकाने रिकामे राहतील. राहू द्या. मधल्या नोंदी गहाळ असताना अंदाज कसा बांधायचा हे शिकवायला एवढी चांगली संधी मिळणार नाही. पावसाळा संपल्यावर जागा दक्षिणेकडं जाताना दिसेल, २१-२२ डिसेंबरला दुसरं टोक गाठून परत फिरेल. मग कॅलेंडर घेऊन नोव्हेंबरची तारीख त्या टोकाच्या किती दिवस आधी आणि फेब्रुवारीची किती दिवस नंतर, हे त्यालाच मोजू द्या. दोन्हीकडं साधारण एक्केचाळीस-बेचाळीस दिवस येतात. सूर्य जाताना आणि येताना त्याच जागेवरून जातो, हे तो स्वतः शोधून काढेल आणि देवळाचं तोंड पश्चिमेला ठेवून कुणीतरी हे आधीच मोजलं होतं, तेही त्याला उमगेल. एखाद्या वर्षी ढगांनी किंवा वाटेतल्या बांधकामांनी किरणं अडतात, त्याच्याही बातम्या येतात. त्या त्याला वाचायला द्या. वहीसमोर गप्प बसणारी मुलं स्वतःच्या नोंदीबद्दल मात्र बोलत सुटतात.

पन्हाळ्याबद्दल मी लांबण लावत नाही, कोल्हापूरकराला ते सांगायला नको. चौथीत आजवर शिवछत्रपतींचा इतिहास असत आलाय. १६६०च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडं निसटले, ती वाट आपल्या जिल्ह्यातच आहे आणि दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या मोहिमा निघतात. साडेआठ वर्षांच्या पोरानं सगळी वाट चालायची गरज नाही. नकाशा काढावा आणि त्यातला एक तुकडा चालावा.

टाउन हॉलचं संग्रहालयही असंच आपण विसरलेलं ठिकाण. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. पंचगंगेच्या काठी आपण जिथं सहज फिरतो, तिथं जमिनीखाली दोन हजार वर्षांमागचं गाव होतं हे ऐकून पोरं पुलावरून जाताना वाकून बघायला लागतात. गुऱ्हाळं अजून चालू असतील तर या मार्चमध्येच एखादं गाठा. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल.

तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं साधन मात्र तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय. मिस्टर फाउंड्रीत आहेत. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, मुद्दाम थोडा मोठा करतात. ओतीव लोखंडासाठी साधारण शेकडा एक. शंभर मिलिमीटरचा भाग हवा तर पॅटर्न एकशे एकचा. मग अडीचशेचा हवा असेल तर? टक्केवारी शिकवण्याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो बाबांनी शिकवायचा आहे. कारखान्यात भट्टीजवळ लहान मुलाला नेऊ देणार नाहीत, नेऊही नये. पण नाकारलेला एखादा छोटा कास्टिंगचा तुकडा, कॅलिपर आणि मोल्डिंगची मूठभर वाळू घरी आणता येईल. आठवड्याच्या सुट्टीतले दोन तास त्यांचे, आणि त्या दोन तासांत तुम्ही घरात नसायचं. घरी शिकवायचं म्हणजे आईनं शिकवायचं असं न ठरवताच ठरून जातं, आणि वर्षभरात आईच थकून जाते.

रोज किती वेळ बसवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यांच्या मनात असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरलेत. म्हणजे रोज चार तास, तेही एका शिक्षकामागं तीसेक मुलं धरून. एका मुलाला एक माणूस असताना टेबलाशी बसायचा अभ्यास दीड तास झाला तरी खूप. पहिले दोन महिने तर तोही नको. शाळेतून दमून आलेल्या पोराला आधी कंटाळा येऊ दे. कंटाळा आल्यावर तो जे करायला घेईल, त्यावरून पुढं काय करायचं ते तुम्हाला कळेल. घरातल्या कुठल्याही खोलीला 'वर्ग' म्हणू नका, घंटा-बिंटा वाजवू नका. मात्र सकाळी उठायची वेळ आणि वाचून दाखवायची वेळ रोज एकच ठेवा.

चार पोरांत मिसळण्याचा प्रश्न कोल्हापुरात पडावा याचं मला नवलच वाटतं. पेठेपेठेत तालमी आहेत, फुटबॉलवरून घरातल्या घरात अबोला धरणारं हे गाव आहे. शाळेत तो आपल्याच वयाच्या पोरांबरोबर, तेही गप्प बसून असतो. मैदानावर बारा वर्षांचा दादा आणि सहा वर्षांचा टिंगू दोघेही भेटतात. संध्याकाळचं मैदान ठरवून टाका आणि पावसाशिवाय चुकवू नका. पण एक खरं सांगते, शाळेतला एखादा जिवाभावाचा दोस्त मैदानावर भेटत नाही. त्याचा असा कुणी असेल तर त्याच्या आईशी बोलून आठवड्यातून एक संध्याकाळ बांधून ठेवा, नाहीतर हे सगळं त्याला शिक्षेसारखं वाटेल.

तुमच्यासारख्या इतर कुटुंबांना भेटणं हे पुस्तकांहून जास्त गरजेचं आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांची स्वशिक्षण नावाची देशभरची संघटना आहे. त्यांच्यामार्फत कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातलं एखादं घर शोधा. शक्यतो ज्यांचं मूल आता पंधरा-सोळाचं आहे असं. नुकतीच सुरुवात केलेल्यांचा उत्साह ऐकण्यात वेळ घालवू नका. जुन्या घराला विचारा की सगळ्यात वाईट महिना कुठला होता, काय सोडून द्यावं लागलं, आजारी पडलात तेव्हा काय केलंत. त्या मुलाशीही बोला, त्याचे आईवडील खोलीत नसताना.

दहावी. ती सात वर्षांवर आहे, तरी वाटा आत्ताच माहीत असू द्या.

एक वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ साली स्थापन झालेलं हे केंद्र सरकारचं मंडळ, त्याची दहावी इतर बोर्डांच्या बरोबरीनं मानली जाते. १४ वर्षं पूर्ण लागतात, मराठीतूनही देता येते, किमान पाच विषय आणि त्यांत एक तरी भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे देता येतात, परीक्षा वर्षातून दोनदा असते. गणित न घेताही दहावी होता येतं, पण पुढं सायन्सला जायचं असेल तर हा मोह टाळा. दहावीच्या आधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या अ, ब, क अशा पातळ्याही त्यांच्याकडं आहेत.

दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, एक दिवस जाऊन समक्ष विचारून या. इथं शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात, म्हणून तो कागद सांभाळा. तिसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. राज्य सरकारनं २०१७ मध्ये ते काढायचा निर्णय घेतला, त्यात पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा आहेत. मध्ये कधीतरी सरकारी शिक्क्याचा कागद हातात असावा असं वाटलं तर पाचवीची परीक्षा देऊन टाकायला हरकत नाही, पाहुण्यांची तोंडंही बंद होतात. केंब्रिजच्या परीक्षा खासगीरीत्या देता येतात, पण खर्च मोठा आणि केंद्रं लांब. तुमच्या घरासाठी मी ती वाट सुचवणार नाही.

हातचं काय जातं तेही ऐका. चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत असते, नवोदयच्या सहावी प्रवेशासाठी मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत असावं लागतं. कोल्हापुरात शिष्यवृत्तीची यादी लागली की पेढे वाटतात आणि चौकात फलक लागतात. तुमच्या नातेवाइकांत तो फलक लागेल त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटेल. वाटणारच.

तेव्हा आत्ता मार्चमध्ये दाखला मागायला धावू नका. चाचण्या करून घ्या, शाळेतल्या बाईंशी एकदा शांतपणे बोला, वर्ष पुरं होऊ द्या, निकाल हातात येऊ द्या. मे महिनाभर घरी शिकवण्याचा सराव करून बघा. सुट्टीत कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही. त्या महिन्यात तुम्ही त्याच्यावर किती वेळा ओरडलात ते नवऱ्याला मोजायला सांगा. आकडा बघून जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी बसून ठरवा. सासूबाईंनाही त्या बैठकीत घ्या. दुपारी गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडं गेलं तर तुम्हाला तासभर झोप मिळेल.

आणि दाखला काढायचाच ठरला, तर तो काउंटरवरच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, विद्यार्थी ओळख क्रमांक. आधार आणि जन्मदाखला शेजारी धरून एकेक ताडून बघा. फरक असेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. एकदा पट सोडला की पुढं आठ वर्षांनी ती दुरुस्ती करायला कुठल्या टेबलाशी जायचं हे कुणी सांगत नाही. तीन झेरॉक्स काढा, मूळ प्रत घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, पोराच्या फाइलमध्ये नको. तिथं त्याचे रंग सांडतील.